आनंदीबाई नसलेली गोष्ट

सप्टेंबर २०१८मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेलं एक विमान थोड्याच वेळात परत मुंबईत उतरलं. इंजिनातली हवा केबिनमध्ये आणणारे स्विच चालू करायचे राहून गेले होते. तीसेक प्रवाशांच्या नाकातून, कानातून रक्त आलं. आतला व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल: छतातून लोंबणारे पिवळे मास्क, अर्ध्या लोकांनी लावलेले, अर्ध्यांनी नुसतेच हातात धरलेले, आणि कुणीतरी शांतपणे सगळं शूट करतंय.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वतःला लेखक समजत होतो. त्या रात्री मी एक लांबलचक पोस्ट लिहिली. जयपूरचं विमान हे फक्त निमित्त होतं. खरी गोष्ट होती १४ ऑगस्ट २००५ची, सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेल्या हेलिऑस एअरवेजच्या ५२२ क्रमांकाच्या विमानाची. केबिनमधला दाब नाहीसा होतो, सगळे बेशुद्ध होतात, विमान स्वतःच उडत राहतं, इंधन संपतं, अथेन्सजवळच्या डोंगरात कोसळतं. १२१ माणसं. पोस्टच्या शेवटी मी एका प्रवाशाने आपल्या भावाला पाठवलेला एसएमएस दिला होता: वैमानिक निळा पडलाय, आम्ही गोठतोय, निरोप घेतो. मूळ मजकूर इथे देत नाही, कारण पुढे कळेलच. त्या तीन ओळींवर पोस्ट चालली. चार हजारांवर शेअर झाली. ओळखीच्या एका कवीने खाली ‘अंगावर काटा’ असं लिहिलं. मी ते आईला दाखवलं.

तो एसएमएस खोटा होता.

तो माझ्या आधी तेरा वर्षं, अपघात झाला त्याच दिवशी, जगभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी छापला-दाखवला होता. एका माणसाने टीव्हीवर येऊन सांगितलं होतं की तो मेसेज त्याला आला. मग पोलिसांनी त्याला पकडलं आणि असा काही मेसेज आलाच नव्हता हे उघड झालं. हे सगळं इंटरनेटवर २०१८मध्येही एका सर्चच्या अंतरावर होतं. मी तो सर्च केला नाही. का केला नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. त्या तीन ओळींशिवाय गोष्टीला शेवट नव्हता.

एका अनोळखी वाचकाने इनबॉक्समध्ये येऊन मला हे सांगितलं. शिव्या न घालता. वर ग्रीसच्या अपघात तपास मंडळाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाची फाइल जोडली आणि एवढंच लिहिलं, ‘हे वाचा, जास्त चांगलं लिहिलंय.’ मला तो टोमणा वाटला. फोनवर बोटांनी मोठं करत करत तीन रात्री मी ते पीडीएफ वाचलं. तेव्हापासून आजवर मी ते चारदा वाचलंय. आज त्याबद्दल लिहितोय, आणि एखाद्या कादंबरीबद्दल लिहावं तसंच लिहितोय, कारण माझ्या मते तो मजकूर त्याच मापाने मोजायला हवा. त्यात तो काही ठिकाणी नापासही होतो, ते पुढे सांगेन.

पहिली गोष्ट नजरेत भरते ती म्हणजे अहवालात कुणालाच नाव नाही. कॅप्टन, सहवैमानिक, केबिन अटेंडंट क्रमांक अमुक, ग्राउंड इंजिनिअर क्रमांक एक. जगभर असे अहवाल आंतरराष्ट्रीय ठरलेल्या साच्यात लिहिले जातात: आधी वस्तुस्थिती, मग विश्लेषण, मग निष्कर्ष, मग शिफारशी. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, पुढचा अपघात टाळायचा, हा त्या साच्याचा जाहीर हेतू. त्यामुळे वस्तुस्थितीच्या पानांवर मत येऊ शकत नाही. शंभरएक पानं तुम्ही फक्त काय झालं ते वाचता: किती वाजता, किती फुटांवर, कुठला दिवा, कुठला आवाज. आपल्याला ‘का’ची सवय झालेली असते. हा मजकूर आपल्याला ‘का’साठी ताटकळत ठेवतो, आणि तेवढ्यात आपलं सगळं लक्ष एका बोटभर बटनावर येऊन थांबतं.

ते बटन म्हणजे केबिनचा दाब ऑटोवर ठेवायचा की मॅन्युअलवर, हे ठरवणारा खटका. विमान चौतीस हजार फुटांवर असलं तरी आतल्या माणसाच्या फुप्फुसांना साधारण आठ हजार फुटांवर असल्यासारखं वाटावं, अशी हवा आत राखली जाते. (आठ हजार फूट म्हणजे तरीही कळसूबाईच्या दीडपट उंची. विमानात डोकं जड का होतं त्याचं हे एक कारण.) ही हवा आत सतत येत असते आणि मागच्या बाजूच्या एका झडपेतून मोजून बाहेर सोडली जाते. खटका ऑटोवर असला की झडप किती उघडायची ते यंत्रणा ठरवते. मॅन्युअलवर असला की झडप जिथे आहे तिथेच राहते, माणूस हलवेपर्यंत.

त्या दिवशी पहाटे विमान लंडनहून आलं तेव्हा मागच्या दाराच्या कडेला बर्फ धरतोय, दाराकडून आवाज येतात, अशी तक्रार होती. लार्नाकाच्या इंजिनिअरने दार तपासलं, दाब टिकतो का ते पाहायला गळती चाचणी घेतली. त्या चाचणीसाठी खटका मॅन्युअलवर घ्यावा लागतो. चाचणी पार पडली. खटका तिथेच राहून गेला.

इथे मला थांबायचंय. अहवाल इंग्रजीत आहे आणि तिथे या जागी जड नामं येतात: ‘न ओळखणं’, ‘परत न फिरवणं’. वाक्याला कर्ता नाही. इंग्रजीत हे टाळाटाळीसारखं वाचलं जातं. मराठीत मात्र आपल्याकडे यासाठी जिवंत क्रियापद आहे: राहून जाणं. गॅस चालू राहून गेला. सही राहून गेली. फोन करायचा राहून गेला. यात कर्ता लपवलेला नाही, तो खरंच तिथे नसतो. ज्या क्षणी गोष्ट राहून जाते त्या क्षणी ती करणारा माणूस दुसरीकडे, दुसऱ्या कामात, पूर्ण लक्ष देऊन गुंतलेला असतो. ‘विसरला’ म्हटलं की एका माणसाचं डोकं डोळ्यांसमोर येतं. ‘राहून गेलं’ म्हटलं की खोली दिसते आणि त्या खोलीतला तो खटका. हेलिऑसच्या गोष्टीचं याहून नेमकं वर्णन कुठल्याही भाषेत होईल असं मला वाटत नाही, आणि ही मराठीची खुशामत नाही.

कारण पुढे तेच वाक्य आणखी तीनदा येतं. उड्डाणापूर्वीच्या तयारीत खटका बघायचा असतो: राहून गेला. इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत बघायचा असतो: राहून गेला. उड्डाणानंतरच्या यादीत पुन्हा बघायचा असतो: पुन्हा राहून गेला. मॅन्युअलवर असल्याचा हिरवा दिवा या सगळ्या वेळात लागलेला होता. हिरवा! रंगांची भाषा ज्याने ठरवली त्याला साहित्याचा गंध नसावा.

सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी विमान उडालं. पाचेक मिनिटांनी, बारा हजार चाळीस फुटांवर, कॉकपिटमध्ये भोंगा वाजला.

या भोंग्याबद्दल अहवालात जे लिहिलंय ते मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला नव्याने त्रास होतो. त्या जातीच्या बोइंग ७३७मध्ये हाच भोंगा दोन वेगळ्या गोष्टी सांगायचा. जमिनीवर वाजला तर अर्थ: उड्डाणासाठी विमानाची मांडणी चुकलीय, थांबा. हवेत वाजला तर अर्थ: केबिनमधली हवा विरळ होतेय, मास्क लावा. आवाज तोच. पहिला अर्थ वैमानिकाला नोकरीत अनेकदा भेटतो. दुसरा कित्येकांना आयुष्यात एकदाही भेटत नाही. तर भोंगा वाजला आणि दोघांनी पहिला अर्थ घेतला. ऑटोपायलट काढला, इंजिनांचा जोर कमी केला, परत वाढवला, म्हणजे जमिनीवर त्या इशाऱ्याला जे उत्तर द्यायचं त्याच्याच दिशेने हात गेले. मास्क लावले नाहीत. विमान चढत राहिलं.

आपल्याकडे अक्षर बदलल्याने माणूस मेल्याची एक आख्यायिका आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची, १७७३ची. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, पण भाषेने मानली, वाक्प्रचार करून टाकला. का मानली? कारण तिच्यात सगळं आहे: चिठ्ठी, एक अक्षर, आणि ते बदलणारा हात. हात महत्त्वाचा. हात असला की गोष्ट पूर्ण होते, रागाला पत्ता मिळतो. हेलिऑसच्या गोष्टीतही ‘ध’चा ‘मा’ झालाय. भोंग्याने म्हटलं एक, ऐकलं गेलं दुसरं. फक्त आनंदीबाई नाही. दोन्ही अर्थ एकाच आवाजात ठेवणारे लोक कधीकाळी कुठल्यातरी ड्रॉइंग बोर्डवर बसले होते, त्यांनाही कुणाला मारायचं नव्हतं, बहुधा एक स्पीकर वाचवायचा होता.

हे मी बाबांना सांगितलं. बाबा एका साखर कारखान्यात फिटर होते, तीस वर्षं पाळ्या केल्या. मी मोठ्या रंगात येऊन भोंग्याची शोकांतिका वर्णन करत होतो. ते जेवत होते. म्हणाले, “दोन गोष्टींना एकच आवाज ठेवला? मग काय होणार.” मग पाणी प्यायले आणि म्हणाले, “आम्ही झडप हातावर घेतली की तिच्या चाकाला चिंधी बांधायचो. लाल. परत ऑटोवर टाकल्याशिवाय चिंधी सोडायची नाही. नवीन पोरगा आला पाळीला तरी त्याला दिसायचं.” मी विचारलं, हे कुठे लिहिलेलं होतं? “लिहिलेलं कशाला? एकदा राहून गेलं होतं.” काय झालं होतं तेव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं तर ताट उचलून आत गेले.

परत अहवालाकडे. भोंग्यानंतर कॅप्टनने कंपनीच्या लार्नाकातल्या ऑपरेशन्सशी रेडिओवर बोलायला सुरुवात केली. उड्डाणाच्या मांडणीचा इशारा वाजतोय आणि कूलिंगची यंत्रणा बंद दाखवतेय, अशी त्याची तक्रार होती. ही कूलिंगची यंत्रणा कॉकपिटमागची उपकरणं थंड ठेवते, आणि हवा विरळ झाली की तिच्या पंख्यांना पुरेशी हवा मिळत नाही. म्हणजे तक्रार खरी होती. मूळ आजाराचंच ते लक्षण होतं, पण त्याने लक्षणालाच आजार मानलं. यादरम्यान मागे केबिनमध्ये मास्क खाली पडले होते. त्याचा दिवा कॉकपिटमध्ये लागला होता. आधीच एक इशारा लागलेला असताना लागलेला दुसरा दिवा.

मग ग्राउंड इंजिनिअर बोलायला आला. त्याच्या जबाबानुसार त्याने कॅप्टनला विचारलं की दाबाच्या पॅनेलवरचा खटका ऑटोवर आहे ना, खात्री करा. कॅप्टनने उलट विचारलं, कूलिंगचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत?

विचारा स्वतःला, हा संवाद तुम्ही कथेत लिहिला असता तर संपादकाने ठेवला असता का? बरोबर प्रश्न, बरोबर वेळी, बरोबर माणसाने विचारलेला. त्याचं उत्तर ‘नाही, मॅन्युअलवर आहे’ असं आलं असतं तर एक बोट फिरवून काम झालं असतं. उत्तर म्हणून दुसराच प्रश्न आला. संपादक म्हणाला असता, फारच जुळवून आणलेलं वाटतंय. पण इथेच अहवालाची लेखन म्हणून ताकद दिसते. तो या जागी एक शब्दही चढवत नाही. ब्रेकर तुमच्या खुर्चीमागे आहेत, असं सांगितलं गेलं. ९ वाजून २० मिनिटांनी, अठ्ठावीस हजार नऊशे फुटांवर, बोलणं संपलं. एव्हरेस्टच्या माथ्याइतकी उंची. पुढच्या सगळ्या हाका अनुत्तरित.

आपण साहित्यात ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शब्द फार सहज वापरतो. हायपॉक्सिया, म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडणं, हा त्या संकल्पनेचा शरीरातला अवतार आहे. त्यात वेदना होत नाही. गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण श्वास चालू असतो. उलट बऱ्याचदा बरं वाटतं, हलकं वाटतं, आणि सगळ्यात आधी जाते ती आपलं काहीतरी चुकतंय हे ओळखायची शक्ती. चूक शोधायचं साधनच चुकीने खाल्लेलं. म्हणून ‘कॅप्टनला इतकं साधं कळलं नाही?’ हा प्रश्न, जो मी माझ्या पोस्टमध्ये ठसक्यात विचारला होता आणि ज्यावर शेकडो लोकांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या होत्या, तो प्रश्नच खोटा आहे. भोंगा वाजला तेव्हाच्या पहिल्या मिनिटाबद्दल तो विचारता येईल. सातव्या मिनिटाबद्दल नाही. आणि सातव्या मिनिटाचं ते बोलणंच आपल्याला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

आता टीव्हीबद्दल. आपल्याकडे ‘एअर क्रॅश इन्व्हेस्टिगेशन’ नावाने माहीत असलेल्या मालिकेत या अपघातावर एक भाग आहे. भागाचं नाव ‘घोस्ट प्लेन’. माझी पिढी या मालिकेवर वाढली आणि मी तिला नावं ठेवणार नाही, विमानाबद्दल मला जे काही पहिलं कळलं ते तिथूनच. पण या भागाचं नावच मला खुपतं. भुताचं विमान म्हटलं की विमान रिकामं झालं, सगळं आधीच संपलंय, आपण आता नुसतं गूढ बघतोय. प्रत्यक्षात शवविच्छेदनात निघालं ते उलटं होतं: जमिनीवर आदळेपर्यंत त्यांची हृदयं चालू होती. प्रवासी गोठून गेले होते, अशा ज्या बातम्या त्या आठवड्यात आल्या त्याही चुकीच्या. बेशुद्ध माणसांना भूत म्हणणं ही फक्त शब्दाची चूक नाही. त्या एका शब्दाने दोन तास चाळीस मिनिटं शिल्लक असलेला जीव आधीच हिशोबातून जातो.

दुसरी अडचण त्या प्रकाराचीच आहे. नाट्यरूपांतर करायचं तर कॉकपिटमध्ये नट बसवावे लागतात, आणि नट बसले की त्यांना काहीतरी बोलावं लागतं. पण त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं हे जगात कुणालाच माहीत नाही. कॉकपिटमधला रेकॉर्डर शेवटची तीसच मिनिटं राखायचा, जुन्यावर नवीन चढत जायचं. विमान दुपारपर्यंत उडत राहिल्याने सकाळचं सगळं पुसलं गेलं. भोंगा, गोंधळ, एकमेकांना विचारलेलं किंवा न विचारलेलं, सगळं. कॅप्टन जर्मन, सहवैमानिक सायप्रसचा, त्यांच्यात भाषेची अडचण होती का, स्वभावाची होती का, यावर बरीच चर्चा झालीय. टेप मात्र कोरी. या गोष्टीचा सर्वात महत्त्वाचा प्रवेश कायमचा हरवलाय, आणि अहवाल तो हरवलेलाच ठेवतो. टीव्हीला ते परवडत नाही. मलाही परवडलं नव्हतं. माझ्या पोस्टमध्ये त्या दोघांचे चार संवाद होते, मी लिहिलेले.

मग तो माणूस येतो.

विमान संगणकाने ठरवल्याप्रमाणे अथेन्सपर्यंत गेलं, उतरलं नाही, आणि दिलेल्या आज्ञेनुसार केआ बेटावरच्या आकाशात घिरट्या घालू लागलं. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं त्याला सहाव्या घिरटीत, ११ वाजून २४ मिनिटांनी गाठतात. लढाऊ वैमानिकाला खिडकीतून दिसतं: कॅप्टनची खुर्ची रिकामी, शेजारच्या खुर्चीत कुणीतरी पुढे झुकून पडलेलं, मागे मास्क लोंबतायत. कॅप्टनची खुर्ची रिकामी का, याचा अंदाज बांधायचा मोह आवरत नाही. ब्रेकर खुर्चीमागे होते, हे आपण नुकतंच वाचलेलं असतं. अहवाल आपल्याला तिथवर नेतो आणि सोडून देतो.

११ वाजून ४९ मिनिटांनी एक माणूस, मास्क न लावलेला, कॉकपिटमध्ये येऊन कॅप्टनच्या खुर्चीत बसतो. केबिन अटेंडंटपैकी एक. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण बारा मिनिटं पुरतो. हा माणूस अडीच तासांनंतर पायांवर उभा होता, फिरत्या बाटल्यांमधल्या प्राणवायूवर, असा कयास. त्याच्याकडे वैमानिकाचा परवानाही होता, छोट्या विमानांच्या अनुभवाचा. तो बसतो आणि जवळपास त्याच वेळी इंधन संपून डावं इंजिन बंद पडतं.

ही जागा कुठल्याही लेखकाला वेड लावेल. मला लावलं होतं. इंटरनेटवर या माणसाच्या नावाने शेकडो व्हिडिओ आहेत, संगीतासकट, त्यातल्या काहींत तो जाणूनबुजून विमान वस्तीपासून दूर नेतो. अहवाल काय लिहितो? रेकॉर्डरवर अतिशय क्षीण आवाजात ‘मेडे’ची हाक आहे, ती रेकॉर्डरखेरीज कुणापर्यंत पोचली नाही. मग साधारण सात हजार फुटांवर त्याने पहिल्यांदा शेजारच्या लढाऊ विमानाची दखल घेतली, हाताने काहीतरी खूण केली. लढाऊ वैमानिकाने, माझ्यामागे या, विमानतळाकडे, अशी खूण केली. त्याने फक्त खाली बोट दाखवलं.

एवढंच. त्याला काय म्हणायचं होतं? खाली चाललोय? इथेच उतरवतो? आता खालीच? अहवाल विचारत नाही. त्याच्या हेतूबद्दल एक विशेषण नाही. पुढचं वाक्य उजव्या इंजिनाचं आहे. मी खूप कथा वाचल्यात, काही लिहिल्यात, पण एका हाताला इतकं एकटं सोडायची हिंमत मला फार कमी ठिकाणी दिसली. आणि ही संयमाची कलाबिला नाही. त्या साच्यात जे पाहिलं नाही ते लिहिताच येत नाही, म्हणून झालंय. तरी झालंय. १२ वाजून ३ मिनिटांनी विमान ग्रामातिको गावाजवळच्या टेकडीवर आदळलं. ढिगाऱ्यात ते पॅनेल सापडलं. खटका मॅन्युअलवर होता.

आता तक्रार. अहवाल कारणांचे थर लावतो. सगळ्यात वर, थेट कारणं म्हणून, वैमानिकांचं न ओळखणं येतं, आणि मग बेशुद्धी. त्याखाली ‘सुप्त कारणं’: कंपनीचा ढिसाळ कारभार, सायप्रसच्या नियामकाची कच्ची देखरेख, आणि दाबाच्या अशाच आधीच्या घटना माहीत असूनही निर्मात्याने केलेल्या उपायांचा उपयोग न होणं. हे सगळं अहवालात आहे, तपशिलाने आहे. पण क्रम बघा. हेच विमान डिसेंबर २००४मध्ये वॉर्सॉहून येताना दाब गमावून तातडीने खाली आणावं लागलं होतं. भोंग्याचा असाच घोळ इतर वैमानिकांचाही झाला होता. वेळेच्या क्रमाने लावलं तर ही कारणं आधीची आहेत. यादीत ती नंतर येतात. जो थर आधी वाचला जातो तोच बातमीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी जग वाचतं: वैमानिकांची चूक. शंभर पानं आनंदीबाई न शोधणारा मजकूर निष्कर्षाच्या पानावर नकळत तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतो. त्यात बसवायला माणसं मग पुढे शोधली गेलीच. सायप्रसमध्ये आणि ग्रीसमध्ये खटले चालले, त्यात तो खटका फिरवणारा इंजिनिअरही होता, ज्याने बरोबर प्रश्न विचारला होता तोच. आप्तांना न्याय नको का, असं तुम्ही म्हणाल. हवाच. मी फक्त मजकुराच्या क्रमाबद्दल बोलतोय, आणि मला वाटतं तो क्रम निरागस नाही.

भोंग्याचं काय झालं? अमेरिकेच्या विमान नियामकाने २०११मध्ये ७३७ विमानांवर दोन वेगळे दिवे बसवणं सक्तीचं केलं: भोंगा वाजला की तो कुठल्या अर्थाने वाजतोय ते सांगणारे. दोन दिवे. अपघातानंतर सहा वर्षांनी. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, “चिंधी बांधली म्हणजे.”

त्या अनोळखी वाचकाला मी बऱ्याच दिवसांनी उत्तर लिहिलं, आभार मानले. तो कुठल्याशा विमानतळावर देखभालीच्या कामाला आहे असं त्यातून कळलं, रात्रपाळीत वाचतो म्हणाला. पोस्ट मी तेव्हाच उडवली होती. उडवताना हात अडखळला हे कबूल करतो, चार हजार शेअर म्हणजे चार हजार शेअर. पण लोकांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. माझं नाव कापलेलं, एसएमएसच्या तीन ओळी ठळक केलेल्या, मागे सूर्यास्तातलं विमान. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या मामेबहिणीने तो मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, वाच. रडशील.’